यंदा व्हायोलिनांना सुट्टी

आमच्या ऑर्केस्ट्राच्या नव्या सीझनचा कागद मध्यंतरी एका तालमीत हातात पडला. एकच पान, पाठपोट छापलेलं. चार कार्यक्रम, तालमींचं वेळापत्रक आणि खाली बारीक अक्षरात, कुठल्या तालमीला कोणी नाही आलं तरी चालेल याची यादी. ही यादी बहुधा ट्रॉम्बोनवाल्यांसाठी असते. त्यांना दीड तास बसवून ठेवून शेवटी चार बार वाजवायला लावलं की ते पुढच्या वेळी उशिराच येतात, हा अनुभव आहे. या वेळी मात्र दुसऱ्या कार्यक्रमापुढे लिहिलं होतं : ‘पूर्वार्ध – व्हायोलिन नाहीत.’

पहिल्या रांगेत सगळे गप्प. मग कोणीतरी म्हणालं, “छपाईची चूक असेल.”

चूक नव्हती. पूर्वार्धात ब्राम्सची दुसरी सेरेनेड, म्हणजे ऑर्केस्ट्रासाठीची हलकीफुलकी रचना, आहे. पोरानं ती १८५९ मध्ये पुरी केली आणि १८६० च्या फेब्रुवारीत हॅम्बुर्गला स्वतःच उभं राहून वाजवून घेतली. पोरगाच म्हणायचा, तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता. तिच्यात फ्लूट, ओबो, क्लॅरिनेट, बासून आणि हॉर्न यांच्या जोड्या आहेत, शेवटच्या भागात पिकोलोही येतो. तारवाद्यांत व्हायोला, चेलो आणि डबल बास. बस. व्हायोलिनसाठी एक ओळसुद्धा नाही.

मी व्हायोला वाजवतो. म्हणजे या पानभर बातमीत ही एक ओळ माझी आहे.

वाद्य माहीत नसेल तर सांगतो. व्हायोलिनसारखंच दिसतं, पण अंगानं थोरलं. व्हायोलिनची सगळ्यात वरची तार काढून टाका आणि खाली एक जाड तार वाढवा, झाला व्हायोला. सी, जी, डी, ए. इतक्या खालच्या सुरांसाठी त्याची पेटी खरं तर आणखी मोठी हवी, पण मग ते खांद्यावर धरता येणार नाही. म्हणून ते अर्ध्यावर तडजोड करून थांबलंय, आणि त्या तडजोडीतूनच त्याचा तो थोडा घोगरा, नाकातून आल्यासारखा आवाज येतो. मला तो आवडतो. ट्रम्पेटवाल्यांकडे आमच्यावरचे विनोद वहीभर आहेत आणि त्यांतले निम्मे खरे आहेत.

मी मुळात इथला नव्हे. नऊ वर्षांपूर्वी सेकंड व्हायोलिनमध्ये भरती झालो. तेव्हा व्हायोलिन सोळा होते आणि व्हायोला दोन. एका मध्यंतरात कंडक्टर मॅडम माझ्याजवळ आल्या, माझा डावा हात धरून बघितला आणि म्हणाल्या, “तुमची बोटं लांब आहेत हो. कधी व्हायोला हातात घेतलाय?” आयुष्यात वादनाबद्दल मिळालेली ती माझी पहिलीच दाद. घरी जाऊन आरशात बोटं बघितली. पुढच्या आठवड्यात मी व्हायोलात. त्यांनी तेच वाक्य माझ्या आधी तिघांना ऐकवलं होतं हे मला दोन वर्षांनी कळलं.

पहिले काही महिने नुसती फजिती. व्हायोलाची स्वरलिपी वेगळ्या क्लेफमध्ये असते, मधल्या रेघेवर सी. व्हायोलिनवाल्याच्या डोळ्याला त्या रेघेवर बी दिसतो. त्यामुळे मी जे काही वाजवायचो ते एक पायरी चुकीचं असायचं, पण अगदी आत्मविश्वासानं. डोळे सुधारले. कान सुधारायला वेळ लागला, आणि तो पुरता सुधारलेला नाही याचा पुरावा मी गेल्या सीझनला भर कार्यक्रमात दिला.

बीथोव्हनची पाचवी सिंफनी. तिची सुरुवात गल्लीतल्या पोरालाही म्हणून दाखवता येते. पण कागदावर बघाल तर पहिल्या बारमध्ये सगळ्यात आधी सूर नाहीच, एक चिमुकली विश्रांती आहे. कंडक्टरचा हात खाली येतो तेव्हा कोणीच वाजवायचं नसतं, त्यानंतर तीन सूर आणि मग तो लांब. असं दोनदा झालं की आकृती हळू आवाजात रांगारांगांतून फिरायला लागते : आधी सेकंड व्हायोलिन, मग व्हायोला, मग फर्स्ट. मी पाच वर्षं सेकंडमध्ये काढलेली. हात तालमीत बरोबर थांबायचा. त्या संध्याकाळी दिवे लागले, समोर माणसं बसली, आणि सेकंड निघाले तसा मीही निघालो. एकटा. एका व्हायोलाचा आवाज व्हायोलिनांत लपत असेल असं वाटत असेल, तर तसं होत नाही. मॅडमनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, हे जास्त लागलं. माझ्या स्टँडवरच्या ताईंनी मध्यंतरात पेन्सिल काढली आणि पार्टवर, म्हणजे आमच्या स्वरलिपीच्या कागदावर, त्या जागी ‘थांब’ असं मोठ्ठं लिहिलं. सीझन संपल्यावर पार्ट परत करताना सगळ्या खुणा खोडून द्यायच्या असतात. ती एक मी खोडली नाही. पुढे कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

तर अशा माणसाला आता व्हायोलिनांशिवाय बसायचंय.

ब्राम्सच्या पहिल्या वाचनाला आम्ही सहा जण फर्स्ट व्हायोलिनच्या खुर्च्यांवर जाऊन बसलो. एरवी आम्ही चेलोच्या पलीकडे, आत, पुढ्यात कोणीतरी असेल अशा जागी असतो. इथे आलो तर मॅडमच्या बुटांपासून दोन हातांवर. त्यांचा श्वास ऐकू येतो. हात वर जाण्याआधी त्या नाकानं श्वास घेतात, हे मला नऊ वर्षांत माहीत नव्हतं. व्हायोलिन नाहीत म्हणजे धून आता आपल्याकडे, असा माझा भाबडा समज होता. पहिल्याच पानावर ब्राम्सनं ती क्लॅरिनेट आणि बासूनच्या हवाली केली. आम्ही वाट बघत बसलो. मग आमचं आलं तेव्हा सहाही जणांनी इतकं बेतानं वाजवलं की मॅडमनी हात खाली घेतले.

“व्हायोला,” त्या म्हणाल्या, “मला आवाज हवाय. तुम्ही परवानगी मागताय.”

यात आमचा दोष किती आणि सवयीचा किती, याचा मी घरी येताना विचार करत होतो. व्हायोलाचं रोजचं काम म्हणजे मधलं भरणं. वर धून, खाली बास, मधे आम्ही. सुसंवादात जो सूर नसेल तर गोष्ट आनंदाची की दुःखाची हेच कळणार नाही, तो पुष्कळदा आमच्याकडे असतो, पण तो कोणी गुणगुणत घरी जात नाही. अशा जागी बसून बसून माणूस स्वतःचा आवाज झाकायला शिकतो. खरं सांगायचं तर मला ते आवडायलाही लागलं होतं. चुकलं तर फार तर ताईंना कळतं. सेरेनेडमध्ये वर झाकायला कोणी नाही. गेले तीन आठवडे मी रोज पाऊण तास वाजवतोय, त्यातली वीस मिनिटं नुसता गज, उघड्या तारांवर, सबंध लांबीनं. सी तारेवर गजाला जोर दिला की सगळी पेटी गळ्याच्या हाडाशी थरथरते. हे इतक्या वर्षांत मला कधी जाणवलं नव्हतं, कारण इतक्या जोरानं मी कधी वाजवलंच नव्हतं.

आणखी एक अडचण कोणाच्या लक्षात आली नव्हती. कार्यक्रमाआधी सूर लावताना कॉन्सर्टमास्टर, म्हणजे फर्स्ट व्हायोलिनची प्रमुख, उभी राहते, ओबोकडे बघते, ओबो ए देतो आणि सगळे जुळवून घेतात. आता कॉन्सर्टमास्टरच विंगेत. मग उभं कोणी राहायचं? ताईंनी. त्या आमच्या सेक्शनच्या लीडर आहेत, चौतीस वर्षं मुलांना गणित शिकवलेल्या, वर्गात शिरल्यावर टाचणी पडली तरी ऐकू येत असेल अशा. पण ओबोकडे मान वळवायची म्हटल्यावर परवा त्या लाजल्या.

व्हायोलिनवाल्यांचं तसं नुकसान नाही. मध्यंतरानंतर चायकोव्हस्कीची तारवाद्यांसाठीची सेरेनेड आहे, १८८० सालची, त्यात ते मनसोक्त वाजवतील, आणि फुंकवाद्यवाले तेवढा वेळ प्रेक्षकांत जाऊन बसतील. चायकोव्हस्कीनं स्कोअरवर लिहून ठेवलंय की तारवाद्यवाले जितके जास्त, तितकं त्याला बरं. हौशी ऑर्केस्ट्राला असं लिहिणारा रचनाकार म्हणजे देवमाणूस. आमच्याकडे मागच्या रांगेतले तिघे प्रत्येक सीझनला ‘आम्ही जास्त तर होत नाही ना?’ असं विचारतात. त्यांना ती ओळ दाखवली.

पहिला कार्यक्रम त्याच्या आधी, आणि तोही ताईंचाच. मोझार्टची सिंफोनिया कोंचेरतांते, १७७९ ची : पुढे दोन सोलो, एक व्हायोलिन आणि एक व्हायोला, बरोबरीच्या मानानं. आमची कॉन्सर्टमास्टर चोवीस वर्षांची, ताई सासष्ट. मागे ऑर्केस्ट्रातही मोझार्टनं व्हायोलांचे दोन गट केलेत, त्यामुळे ताई पुढे गेल्यावर उरलेल्या पाच जणांत तीन-दोन अशी वाटणी. मी दोनांत. पुन्हा लपायला जागा नाही.

या कामात मोझार्टनं एक गंमत केलीय. रचना ई फ्लॅट मेजर या पट्टीत आहे, पण सोलो व्हायोलाचा पार्ट त्यानं डी मेजरमध्ये लिहिला आणि सांगितलं, चारही तारा अर्ध्या सुरानं वर चढवा. तारा ताणल्या की आवाज उजळतो. शिवाय डी मेजरमध्ये उघड्या तारा भरपूर वापरता येतात, त्या मोकळ्या गुंजतात. मागचा ऑर्केस्ट्रा मात्र ई फ्लॅटमध्ये, जिथे उघड्या तारा फारशा हाताला लागत नाहीत, म्हणून तो जरा दबलेला. व्हायोलिनशेजारी व्हायोला पडू नये म्हणून केलेली ही तजवीज. हल्ली बहुतेक वादक साध्याच जुळणीत वाजवतात. ताई म्हणाल्या, “त्यानं लिहिलंय ना? मग करून बघू.”

करून बघितलं. तालीम सुरू व्हायच्या आधी, रिकाम्या सभागृहात. सी चढली, जी चढली, डी चढली. ए चढवताना खुंटी थोडी करकरली, ताई थांबल्या, कान तारेजवळ नेला, आणखी केसभर पिळली. फट्! बंदुकीच्या चापासारखा आवाज, आणि तार कुरळी होऊन त्यांच्या चष्म्यावर. आम्ही दोघं काही क्षण तिच्याकडे बघत राहिलो. “जुनी होती,” ताई म्हणाल्या, पिशवीतून नवीन काढली आणि पुन्हा सुरुवात केली. या वेळी टिकली. मग वाजवायला लागल्या तर आणखी वेगळाच घोळ. डोळ्यांना डी दिसतो, बोट डीवर पडतं, कानावर मात्र ई फ्लॅट. ज्यांचा कान पक्का त्यांना हे फार जड जातं. ताई चार बार वाजवायच्या, मान हलवायच्या, पुन्हा चार बार. पण आवाज! तो माझ्या ओळखीचा व्हायोला नव्हताच. अंतिम निर्णय अजून व्हायचाय. मला विचारलं तर त्यांनी चढवून वाजवावं आणि जादा ए तार कोटाच्या खिशात ठेवावी.

त्याच संध्याकाळी उत्तरार्धात शुबर्टची अपूर्ण सिंफनी. १८२२ मध्ये त्यानं दोन भाग पुरे केले आणि पुढे सोडून दिलं. हस्तलिखित एका मित्राकडे पडून राहिलं आणि पहिल्यांदा वाजलं ते १८६५ च्या डिसेंबरात, व्हिएन्नात, शुबर्ट जाऊन सदतीस वर्षं झाल्यावर. का सोडलं यावर लोक ग्रंथ लिहितात. आमच्या तालमीतला प्रश्न वेगळा आहे : सुरुवातीच्या चेलो-बासनंतरची पहिली धून ओबो आणि क्लॅरिनेट एकाच सुरात मिळून वाजवतात. दोन वेगळी वाद्यं, एक सूर, अतिशय हळू आवाजात. आमचा ओबो दंतवैद्य आहे आणि क्लॅरिनेट ट्रक चालवते. दोघं दर तालमीआधी मागच्या खोलीत दहा मिनिटं समोरासमोर उभे राहून एकच सूर धरून असतात. दाराबाहेरून ऐकलं तर दोघांचं भांडण चाललंय आणि हळूहळू मिटतंय असं वाटतं.

कार्यक्रमाला आलात तर शुबर्टच्या पहिल्या भागात एक जागा ऐका. चेलोंकडे ती सगळ्यांना ठाऊक असलेली धून येते, तेव्हा सगळे चेलोंकडे बघतात आणि बघावंच. पण तिच्याखाली क्लॅरिनेट आणि व्हायोला ठोक्यावर न वाजवता दोन ठोक्यांच्या मधे मधे वाजवत असतात. श्वास चुकल्यासारखे, दर वेळी किंचित उशिरानं. ते काढून टाकलं तर धून तीच राहील पण जागेवर बसून जाईल. वाजवायला ते भयंकर कठीण आहे, कारण डोकं सारखं ठोक्यावर यायला बघतं. मी पायाचा अंगठा बुटात दाबून ठोका धरतो. मॅडमना पाय आपटलेला चालत नाही, अंगठा दिसत नाही.

तिसरा कार्यक्रम मुलांसाठी, त्याबद्दल फार लिहीत नाही. सां-सान्सचा प्राण्यांचा कार्निव्हल. त्यानं १८८६ मध्ये तो गमतीत लिहिला आणि आपलं गंभीर नाव बिघडेल म्हणून, त्यातला एक ‘हंस’ हा भाग वगळता, हयातीत छापू दिला नाही. लोक आज त्याचं बाकी काय ऐकतात ते मला सांगा! कमिटीच्या दोन बैठका याच कार्यक्रमावर गेल्या, कारण त्याला पियानो लागतात दोन आणि सभागृहात आहे एक. दुसरा इलेक्ट्रॉनिक आणायचा की नाही यावर खजिनदार आणि मॅडम यांच्यात जे झालं ते इथे नको. हत्ती म्हणजे डबल बास, आणि आमचे बासवाले काका आत्तापासून खुशीत आहेत.

चौथ्या कार्यक्रमात द्वोर्झाकची आठवी आणि हायडनची पंचेचाळिसावी.

द्वोर्झाक आमचा माणूस. शब्दशः. सिंफन्यांनी नाव होण्याआधी तो प्रागच्या नाटकगृहाच्या ऑर्केस्ट्रात व्हायोला वाजवायचा, १८६२ पासून नऊ वर्षं. वॅग्नर प्रागला येऊन गेला तेव्हा त्याच्या हाताखालीही वाजवलं. संध्याकाळमागून संध्याकाळ मधे बसून त्यानं वरचं आणि खालचं कसं बांधलेलं असतं ते ऐकलं असणार. त्याचे व्हायोलाचे पार्ट वाजवताना कंटाळा येत नाही, एवढंच मी अनुभवानं सांगू शकतो. आठवी १८८९ ची, खेड्यातल्या घरी बसून लिहिलेली. शेवटच्या भागात हॉर्नवाल्यांना जे मोठ्यानं थरथरवायला लावलंय ते ऐकताना चौघांचे चेहरे बघा. पिकोलोला मात्र सबंध सिंफनीत एकच लांब सूर आहे. तेवढ्यासाठी फ्लूटवाली ती डबी घेऊन येते, उघडते, जोडते, वाजवते, मिटते.

क्रमावरून कमिटीत वाद झाला. द्वोर्झाक दणक्यात संपतो, त्यावर पडदा टाकावा असं निम्म्यांचं म्हणणं. पण हायडनची ही सिंफनी १७७२ ची, निरोपाची. हायडन ज्यांच्या पदरी होता त्या राजेसाहेबांनी उन्हाळी राजवाड्यातला मुक्काम लांबवला होता, वादकांची बायकामुलं दूर आयझेनश्टाटला. हायडननं शेवटच्या भागात एकेका वादकाला उठून जायला लावलं, अखेरीस दोनच व्हायोलिन उरले. दुसऱ्या दिवशी मुक्काम हलला असं सांगतात. सीझनच्या अगदी शेवटी हेच हवं, असं मॅडमचं म्हणणं पडलं आणि तेच झालं.

उठून जाण्याचा क्रम हायडननं ठरवून दिलाय. ओबो आणि हॉर्न आपापला छोटा सोलो वाजवून जातात. डबल बासला तर चांगलाच मोठा निरोप आहे, काका खूश. चेलो जातात, मागचे व्हायोलिन जातात. मग शेवटच्या दोघांच्या आधी व्हायोला, सोलोबिलो काही न वाजवता. सभागृहात त्या वेळी दोन म्यूट लावलेले व्हायोलिन जेमतेम ऐकू येत असणार आणि आम्ही सहा जणांनी खुर्च्या न करकरवता उठायचं.

मॅडमना रंगमंचाचे दिवेही हळूहळू मंद करायचेत. हायडनच्या वादकांकडे मेणबत्त्या होत्या, त्या विझवून ते गेले. आमच्याकडे स्टँडला चिमट्यानं लावायचे बॅटरीचे दिवे आहेत, आणि त्यांचं बटण ‘टक्’ असं वाजतं. एकदा वाजलं तर ठीक. तीन स्टँडवर तीनदा म्हणजे टक्, टक्, टक्, तेही त्या शांततेत. ताईंनी बटणावर चिंधी धरून बघितली, मी दिव्यावर टोपी घालून बघितली. टोपीतून उजेड गळतो. शेवटी ताई म्हणाल्या, “दिवे लावायचेच नाहीत. शेवटचं पान पाठ करा सगळ्यांनी.”

ते पान अकरा ओळींचं आहे. माझ्या चार झाल्यात.